वापर : शून्य

फॉर्म शुक्रवारी चारपर्यंत भरायचा आहे.
रकाना एक : वर्षभरात किती माणसं आत आली.
दारातला लाल किरण मोजतो, मी नुसती उतरवून घेते :
दोन लाख अकरा हजार चारशे शहाऐंशी.

यात आक्सेल किती, ते विचारू नका.
जन्मभर कोळंबीच्या बोटीवर होता, आता गुडघे गेलेत,
घरी हीटरचं बिल परवडत नाही
म्हणून नऊच्या ठोक्याला येतो, नकाशांच्या कपाटाला टेकून बसतो
आणि तासातासाला सिगरेट वळत बाहेर.
किरणाला माणूस कळत नाही,
फक्त आपलं तुटणं कळतं.
गेल्या साली त्रोम्सोतल्या या इमारतीचं मूल्य
चार टक्क्यांनी वाढलं;
त्यात त्याच्या तंबाखूचा वाटा मोठा आहे.

रकाना चार : एका डाउनलोडमागे खर्च, क्रोनरमध्ये.
रकाना सात : संशोधनावर झालेला परिणाम, शक्यतो आकड्यांत.
ओस्लोहून आलेला सल्लागार फार सभ्य होता,
स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला.
म्हणाला, गुनवोर, जे दाखवता येत नाही
ते नसल्यातच जमा.
त्याच्या तक्त्यात आमचं तळघर तांबडं होतं :
वापर शून्य. वापर शून्य. वापर शून्य.
पोहऱ्यात किती आलं ते त्यानं थेंबनथेंब मोजलं;
आडात वाकून पाहणं
त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं.

त्या तांबड्यात एक खोकं होतं.
एका दीपगृहाच्या राखणदाराच्या बावीस वह्या,
अक्षर म्हणजे थंडीनं आखडलेल्या मुंग्या.
रोज वारा, रोज लाटा, कधी बायकोचं दुखणं,
मध्येच तीन आठवडे काहीच नाही,
मग पुन्हा वारा.
कॅटलॉगात खोकं नाही, कारण नोंदवायला माणूस नाही;
तो दोन अंदाजपत्रकांपूर्वी कमी केला.

नोव्हेंबर सरताना, सूर्य उगवायचा थांबला त्या आठवड्यात
एलेन-मारेट आली. घरचे रेनडियर, वरच्या पठारावर.
तिनं विचारलं, बर्फावर पाऊस पडला
असं कुणी कुठं लिहून ठेवलंय का?
नुसता बर्फ नको. नुसता पाऊस नको.
बर्फावर पाऊस, आणि मग गोठणं :
जमिनीवर काच बसते, खालचं दगडफूल दिसतं
पण तोंडाला लागत नाही,
कळप उभ्या उभ्या उपाशी मरतो.

मी कॅटलॉग उघडलाच नाही.
मला खोकं आठवलं.
हे आठवणं कुठल्या रकान्यात बसतं
ते मला अजून सापडलेलं नाही.

सतरा दिवस ती बसली.
खोकं वाचनकक्षाबाहेर गेलं नाही,
म्हणजे इश्यू झालं नाही,
म्हणजे वापर : शून्य.

अठराव्या दिवशी तिनं घरी फोन लावला,
शांतता राखा या पाटीच्या अगदी खाली उभं राहून.
सामीत बोलत होती, मला ती भाषा येत नाही;
एक तारीख आणि साल तेवढं
वहीत होतं तसंच, नॉर्वेजियनमध्ये वाचलं.
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग एक म्हातारा आवाज
थांबत थांबत नावं घेऊ लागला.
माणसांची की जनावरांची, मी विचारलं नाही.
मी पाटीही दाखवली नाही.

शुक्रवार, तीन वाजून बावन्न मिनिटं.
रकाना सातमध्ये मी दगडफूल लिहिलं.
संगणक म्हणाला, कृपया संख्या टाका.
दीपगृह लिहिलं.
कृपया संख्या टाका.
मग एक टाकला, नुसता एक,
आणि तो हिरवा झाला, काही न विचारता.

खाली दाराशी आक्सेल कागदात तंबाखू भरत होता.
मी कोट चढवला, त्याच्यामागून बाहेर पडले,
त्याच्याकडे एक मागितली, सहा वर्षांनी.
म्हणजे दोन.
परत येताना चार.